दिवाळीत सोसलेलं तांबं मेमध्ये का बाधलं? गांडूळखताच्या एका वाफ्याचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, तापीपासून फार लांब नसलेल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. ज्यांच्या खळ्यात ते घडलं त्यांना सगळा गाव नाना म्हणतो, मीही तेच म्हणेन. नाना केळीचे बागायतदार, मृगबाग (जून-जुलैची लागवड) जास्त आणि थोडी कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची). त्यांच्याकडे गांडूळखताचे तीन वाफे आहेत. दोन पत्र्याच्या शेडखाली, तिसरा शेडबाहेर मोठ्या निंबाच्या सावलीत. तिन्हींत एकाच ठिकाणाहून आणलेली गांडुळं, एकाच गोठ्याचं शेण आणि एकाच बोअरचं पाणी. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात शेडखालच्या एका वाफ्यातली जवळजवळ सगळी गांडुळं दोन-तीन दिवसांत मेली. त्याला लागून असलेला वाफा वाचला आणि निंबाखालचाही वाचला.

गावात यावर चर्चा फार झाली नाही. मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, माणसं दुपारी घराबाहेर पडत नाहीत, मग गांडुळाची काय कथा, असं म्हणून विषय मिटला. नानांनी मात्र मला बोलावून घेतलं, कारण त्यांचा प्रश्न सरळ होता: "सर, ऊन ते दरसाल ऱ्हास, मंग हाऊच वाफा का बरं मरी गया?" म्हणजे, ऊन तर दर वर्षी असतं, मग हाच वाफा का मेला?

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. या प्रश्नाचं उत्तर शोधायला प्रयोगशाळेपेक्षा ते खळंच जास्त उपयोगी पडलं, कारण नानांच्या तीन वाफ्यांनी नकळत एक चांगला प्रयोग मांडून ठेवला होता.

काय दिसलं

मेलेल्या वाफ्यातली बरीच गांडुळं कुजून गेली होती, पण कडेच्या ओल्या गोणपाटाखाली काही अर्धमेली सापडली. अंग ढिलं, बोट लावलं तरी आक्रसत नव्हती. निरोगी गांडूळ तळहातावर घेतलं की ते लगेच वळवळून बाहेर पडू पाहतं. ही नुसती पडून होती. काहींच्या अंगावर मधेच फुगवटा, मधेच आवळलेला भाग, आणि भोवती पिवळट, उग्र वासाचा द्रव. त्रास झाला की गांडूळ अंगावरच्या बारीक छिद्रांतून शरीरातला द्रव बाहेर टाकतं, तोच हा. माईंनी, म्हणजे नानांच्या घरच्यांनी, आणखी एक गोष्ट सांगितली जी मला फार मोलाची वाटली: मरायच्या आदल्या पहाटे गांडुळं वाफ्याच्या विटांवर चढलेली होती. उन्हानं त्रासलेलं गांडूळ खाली जातं. वर, कोरड्या विटेवर ते चढतं तेव्हा खालीही त्याला जागा उरलेली नसते.

दुपारी थर्मामीटर वाफ्यात खुपसून पाहिला. पत्र्याखालच्या दोन्ही वाफ्यांत वरचा थर 38-39 अंश, तळाशी 33. निंबाखाली वरचा थरसुद्धा 31 च्या वर नव्हता. खताच्या वाफ्यांत सर्रास वापरलं जाणारं आयसेनिया फेटिडा हे गांडूळ 20 ते 25 अंशांत सुखी असतं आणि 35 च्या पुढे फार टिकत नाही. म्हणजे उन्हाचा त्रास खराच होता. पण लागून असलेल्या वाफ्यातही तेवढंच ऊन होतं, आणि तिथली गांडुळं तळाशी गोळा होऊन जिवंत होती.

मग नेहमीचे संशयित एकेक करून तपासले. ताज्या शेणाचा अमोनिया? शेण तिन्ही वाफ्यांना एकाच दिवशी पडलं होतं. पाण्यातला क्षार? पाणी एकच. मुंग्या, पक्षी? तसं काही नव्हतं. केळीच्या खोडात पालाश भरपूर असतं, त्यामुळे वाफा खारवतो, हीही एक शक्यता होती. पण तशीच खोडं निंबाखालच्या वाफ्यातही होती.

फरक भरण्यात निघाला. दिवाळीनंतर वाफे भरले तेव्हा शेडखालच्या एका वाफ्यात आणि निंबाखालच्या वाफ्यात तळाला केळीची करपा (पानांवरचा बुरशीचा रोग) लागून कापलेली पानं आणि खोडाचे तुकडे घातले होते, वर शेण. शेडखालच्या दुसऱ्या वाफ्यात पानं पुरली नाहीत म्हणून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घातलं. मेला तो पानांचा आणि पत्र्याखालचा वाफा. कुटाराचा वाफा त्याच पत्र्याखाली जगला, म्हणून एकट्या उन्हाला दोष देता येत नाही. निंबाखालचा वाफा त्याच पानांवर जगला, म्हणून एकट्या पानांनाही देता येत नाही. दोन्ही एकत्र आले तिथेच घात झाला.

पानांत काय होतं

नाना फवारणीची वही ठेवतात. त्या हंगामात करप्यासाठी त्यांनी फक्त कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक मारलं होतं, दहा लिटर पाण्याला 25 ग्रॅम, म्हणजे सगळे मारतात तेच प्रमाण. कापलेली पानं बांधाजवळ एका ढिगात पडत, आणि फवारणी झाली की मजूर ड्रम आणि पंप त्याच ढिगाशेजारी विसळत. सावली होती, पाण्याचा पाइप होता, सोयीची जागा. ढिगाच्या तळाची काही वाळलेली पानं अजून तिथे होती. ती उचलून पाहिली तर शिरांच्या खाचांत निळसर-हिरवी पूड बसलेली, नखानं खरवडली की निघेल अशी.

याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ही पावडर 50 टक्के तांब्याची असते. दहा लिटरला 25 ग्रॅम म्हणजे साडेबारा ग्रॅम तांबं. ड्रमच्या तळाशी पाच लिटर द्रावण उरलं आणि ते ढिगावर ओतलं, तर सव्वासहा ग्रॅम तांबं एका जागी पडलं. असं पाच फवारण्यांत झालं तर 31 ग्रॅमच्या वर. ते शंभर किलो सुक्या पानांत मुरलं असं धरा: किलोमागे 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त. खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी तांब्याची कमाल मर्यादा किलोमागे 300 मिलिग्रॅमच आहे. आणि यात पानांवर फवारलेलं तांबं अजून धरलेलंच नाही.

पुढची गोष्ट शेतकऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पानं कुजतात, त्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो, ढीग बसतो, वजन निम्म्यावर येतं. तांबं मात्र धातू आहे. ते कुजत नाही, उडत नाही. सेंद्रिय पदार्थाला घट्ट चिकटून असल्यानं पाण्याबरोबर फारसं वाहूनही जात नाही. वजन निम्मं झालं की किलोमागे तांबं दुप्पट होतं. नाना दर खेपेला वरचं तयार खत काढून त्यावर नवं शेण घालत. तळचा पानांचा थर नोव्हेंबरपासून तसाच होता, बसत होता, दाट होत होता. माती-पाणी तपासणीला दिलेल्या नमुन्यात तळच्या थरातलं तांबं वरच्या थराच्या कित्येक पट निघालं.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी केली, ती कुणालाही घरी करता येते. प्लास्टिकच्या टबात मधोमध पुठ्ठा उभा केला. एका बाजूला जुनं स्वच्छ शेणखत, दुसऱ्या बाजूला तळच्या थरातला माल, दोन्हींचा ओलावा सारखा. पुठ्ठा काढला, मधल्या रेषेवर कुटाराच्या वाफ्यातली गांडुळं सोडली, वर जाळी बांधून टब सावलीत ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा पुठ्ठा घालून दोन्ही बाजू उपसल्या. जवळजवळ सगळी गांडुळं शेणखताच्या बाजूला होती. गांडुळाच्या त्वचेत रसायन ओळखणाऱ्या पेशी भरपूर असतात; तांबं ते ओळखतं आणि टाळतं.

टाळता येत होतं, मग टाळलं का नाही

नोव्हेंबर ते मार्च या गांडुळांनी तांबं टाळलंच होतं. हे गांडूळ वरच्या थरात राहणारं आहे. वर शेण होतं, ओलावा होता, हवा होती. तळच्या थराकडे जायचं त्याला कारण नव्हतं. मेमध्ये वरचा थर तापला आणि त्यानं जगण्याची एकच वाट घेतली, खाली. कुटाराच्या वाफ्यात खाली गेलेली गांडुळं वाचली. पानांच्या वाफ्यात खाली तांबं होतं. निंबाखाली वरचाच थर सोसण्याजोगा होता, म्हणून तिथल्या गांडुळांना खाली जावंच लागलं नाही.

प्रकरण इथे संपवता आलं असतं: उन्हानं जनावर विषात ढकललं. पण विषाच्या मात्रेनंच सगळं ठरत नाही. टबातल्या गांडुळांना तळचा माल नकोसा होता, तरी दोन दिवसांत त्या बाजूचं एकही मेलं नव्हतं. सावलीत तो माल सोसवत होता. 33 अंशांवर का सोसवला नाही, हे समजायला गांडुळाच्या पेशीत डोकवावं लागतं.

गांडुळाच्या अंगाचं तापमान म्हणजे वाफ्याचं तापमान. दहा अंश वाढले की अशा प्राण्याच्या शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. ते जास्त खातं, त्वचेतून पाण्याची देवाणघेवाण वाढते, तांबं आत शिरण्याचा वेगही वाढतो. त्याच वेळी प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. गांडूळ ओल्या त्वचेतून श्वास घेतं, आणि 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो तिथे 35 अंशांवर 7 च्या आसपासच मावतो. वाफा सुकत असेल तर उरलेल्या ओलाव्यात विरघळलेलं तांबं आणखी दाट होतं.

आता प्रथिनं. प्रत्येक प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं. उष्णतेनं घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात. तांबं तेच वेगळ्या वाटेनं करतं: प्रथिनातल्या गंधकाच्या गटांना चिकटतं, आणि प्राणवायूच्या साथीनं असे आक्रमक रेणू तयार करतं जे प्रथिनं आणि पेशीपटल दोन्ही जाळतात. कारण वेगळं, नुकसान एकच: उसवलेली प्रथिनं. ती एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की पेशी मरते.

यावर उतारा म्हणून जवळपास प्रत्येक सजीवात ताण-प्रथिनं असतात. त्यांचा शोध तापमानाच्या एका गडबडीतूनच लागला. फेरुचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाच्या फळमाश्या ठेवलेल्या पेटीचं तापमान चुकून वाढलं, आणि त्या माश्यांच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. हे त्यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या फुगवट्यांतून कुठली प्रथिनं बनतात हे 1974 मध्ये कळलं. त्यातलं सर्वात परिचित एचएसपी-70 (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन, याच ताण-प्रथिनांचं इंग्रजी नाव). ते उसवलेल्या प्रथिनाला धरतं, गुठळी होऊ देत नाही, पुन्हा घडी घालायला मदत करतं, आणि त्यासाठी दर खेपेला पेशीची ऊर्जा खर्च करतं.

ही व्यवस्था चालू कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. एचएसएफ-1 नावाचं एक प्रथिन एरवी याच ताण-प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. उसवलेली प्रथिनं वाढली की ताण-प्रथिनं तिकडे धावतात, एचएसएफ-1 मोकळं होतं आणि आणखी ताण-प्रथिनं बनवण्याचा हुकूम देतं. या व्यवस्थेला ऊन कळत नाही आणि तांबंही कळत नाही. तिला मुख्यतः उसवलेलं प्रथिन कळतं. म्हणूनच सी. एलिगन्स या मिलिमीटरभराच्या सूत्रकृमीत उष्णतेनं जागी होणारी हीट शॉकची जनुकं कॅडमियम या विषारी धातूनंही जागी होतात, आणि शास्त्रज्ञांनी त्यांचा उपयोग धातूचं प्रदूषण ओळखायला केला आहे. केळीवाल्यांना सूत्रकृमी म्हणजे मुळं पोखरणारा शत्रू एवढंच माहीत असतं. हा त्याचा निरुपद्रवी, जीवाणू खाणारा भाऊबंद. कॅडमियमची तीच मात्रा थंडाव्यापेक्षा उष्णतेत त्याला जास्त मारक ठरते.

लग्नात वाढपी ठरावीक असतात. दोन पंगती एकदम बसल्या की कुणाच्याच पानात वेळेवर काही पडत नाही. गांडुळाची ताण-प्रथिनं 33 अंशांच्या पंगतीला वाढत होती, ती कशीबशी पुरत होती. तांब्याची पंगत त्याच वेळी बसली. दोन्ही ताण वेगवेगळे सोसता येतात आणि एकत्र आले की बेरजेपेक्षा जास्त नुकसान होतं, ते यामुळे.

धातूंसाठी खास असं आणखी एक प्रथिन असतं, मेटॅलोथायोनिन. ते 1957 मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियमसकट वेगळं केलं गेलं. हे प्रथिन लहानसं असतं, आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचं प्रमाण त्यात एवढं मोठं की धातूचे अणू त्यात अडकून बसतात. गांडुळात ते आतड्याभोवतीच्या पिवळ्या पेशींमध्ये काम करतं. पण त्याचा सर्वात मोठा उपयोग कॅडमियमपुढे होतो. तांब्याबाबत गांडुळाचं संरक्षण तेवढं भक्कम नाही. तांबं थोडं हवंच असतं, आणि हवं किती व जास्त किती यातलं अंतर गांडुळासाठी फार कमी आहे.

तेच दोन दिवस का

ऊन एप्रिलपासूनच होतं. मग मरण मेच्या त्या आठवड्यातच का आलं? शेडमध्ये फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणारे फवारे, आहेत, दुपारी चालवले की वाफा थंड राहतो. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली. दुपारी मोटर नाही, फॉगर नाही.

इथे ताण-प्रथिनांचा आणखी एक गुण समजून घ्यावा लागतो. प्राण्याला आधी सौम्य उष्णता मिळाली, सावरायला वेळ मिळाला, तर त्याच्याकडे ताण-प्रथिनांचा साठा तयार असतो, आणि नंतर आलेला मोठा ताण, मग तो उष्णतेचा असो की धातूचा, त्याला जास्त सोसवतो. साठा बनायला काही तास लागतात. ऊन हळूहळू चढलं तर ही वेळ मिळते. फॉगरच्या गारव्यात वाढलेल्या गांडुळांना ती मिळाली नाही. वाफा एका दुपारी एकदम तापला, आणि ती खाली गेली तेव्हा तयार काहीच नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात निर्णायक घटक विजेची पाळी हाच होता. कुटाराच्या वाफ्यातल्या गांडुळांनाही हाच धक्का बसला, पण त्यांना एकाच ताणाशी लढायचं होतं.

निंबाखालचा वाफा वाचला असं मी म्हटलं, पण तो सुखरूप नव्हता. त्यात मोठी गांडुळं होती, ककून, म्हणजे अंड्यांचे कोष, मात्र शोधून शोधून थोडे सापडले, आणि पिल्लं त्याहून कमी. तांब्यानं गांडूळ मरायला जेवढी मात्रा लागते, त्याच्या कितीतरी कमी मात्रेत ककून घालणं घटतं. दुरुस्तीवर ऊर्जा खर्च होते तेव्हा प्रजननाला उरत नाही. नुसती गांडुळं मोजून वाफा ठीक आहे असं ठरवणाऱ्यांना हे नुकसान कधीच दिसत नाही, आणि मला स्वतःला मेलेल्या वाफ्यापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते, कारण असे वाफे खानदेशात घरोघरी असतील.

औषध गांडुळाला किती घातक हे ठरवणारी जगमान्य चाचणी 1984 पासून आहे. सत्तर टक्के वाळू, वीस टक्के चिकणमाती, दहा टक्के पीट (दलदलीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा), चौदा दिवस, आणि तापमान 20 अंश, दोन कमी-जास्त. रावेर, यावल, चोपड्याच्या वाफ्यात 20 अंश फक्त पौष-माघात मिळतात. त्या आकड्यावर विसंबून मेमध्ये निर्धास्त राहता येत नाही. आपल्याकडची कॉलेजं आणि कृषी संशोधन केंद्रं हीच चाचणी 30 आणि 33 अंशांवर, खानदेशच्या काळ्या चुनखडीच्या मातीत करू शकतात. त्याला मोठं यंत्र लागत नाही, तापमान धरून ठेवणारी एक पेटी लागते, आणि ती बहुतेक कॉलेजांत असते.

पुढे काय केलं

मेलेला वाफा पूर्ण उपसला. निंबाखालच्या वाफ्यातूनही तळचा थर काढला. गांडुळं हातानं वेचून कुटाराच्या वाफ्यात सोडली, हे काम माई आणि त्यांच्या सुनेनं केलं. ड्रम विसळायची जागा ढिगापासून हलवली. आता उरलेलं द्रावण आणि विसळलेलं पाणी शेवटच्या ओळीतल्या झाडांवरच फवारून संपवतात, म्हणजे ते एका जागी साचत नाही. तांबं मारलेली पानं वाफ्यात घालायची नाहीत, हे नानांनी लगेच मान्य केलं. खोडं चालतात, पण वरचे फवारा लागलेले पापुद्रे सोलून. पत्र्यावर चुना मारला, त्यावर तुरकाट्या पसरल्या. फॉगर बंद असला तरी गारवा टिकावा म्हणून वाफ्यावर ओल्या गोणपाटाचे दोन थर घालायला सुरुवात केली, आणि विजेची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात सकाळी झारीनं पाणी देतात. पुढच्या खेपेला युड्रिलस युजेनी या आफ्रिकन गांडुळाचा एक वाफा करून पाहायचं ठरलं आहे. ते उष्ण हवामानातलं, 25 ते 30 अंशांत चांगलं वाढणारं आहे. थंडीत ते मागे पडतं, म्हणून सगळे वाफे त्याचे करायचे नाहीत.

उपसलेल्या तळच्या थराचं काय करायचं यावर नानांचं आणि माझं एकमत व्हायला वेळ लागला. त्यांना तो केळीच्या बुंध्याला घालायचा होता, खतच आहे ना म्हणून. पण त्याच केळीवर पुन्हा तांबं मारायचं, पानं पुन्हा तिथेच पडायची, आणि धातू दर वर्षी त्याच मुळांभोवती साचत जायचा. शेवटी तो माल एका जागी न टाकता कापसाच्या कोरडवाहू रानात, जिथे तांब्याची फवारणी होत नाही तिथे, पातळ पसरायचं ठरलं, आणि तेही एकदाच. तिथल्या मातीत चुना भरपूर आहे, त्यामुळे तांबं बरंचसं बांधून राहतं. पसरण्याआधी त्या रानातल्या मातीचा नमुना काढून ठेवला आहे. दोन पावसाळ्यांनंतर त्याच जागेचा दुसरा नमुना काढून दोन्हींतलं तांबं तपासायचं आहे.